परत पाठवलेल्या रुग्णाचीही नोंद व्हावी

प्रति,
मा. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

एक वही मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, मग ते सरकारी असो, ट्रस्टचं असो की खासगी, एक नोंदवही असावी आणि दारात आलेल्या प्रत्येक तातडीच्या रुग्णाची तीत नोंद व्हावी. दाखल करून घेतलेल्यांची नोंद होतेच. मी बोलतोय ते परत पाठवलेल्यांबद्दल. रुग्ण किती वाजता आला, कोणी तपासला, नाडी आणि बीपी किती होतं, कोणते उपचार दिले, पुढे का पाठवलं, कुठे पाठवलं, तिथे आधी फोन कोणी केला आणि कोणत्या गाडीतून पाठवलं, हे त्या वहीत यावं. खाली डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही असावी. त्या नोंदीची एक प्रत सोबतच्या माणसाच्या हातात पडावी.

माझं शिर्डीत औषधांचं दुकान आहे. ते रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. शेजारती आटोपून गर्दी लॉजकडे आणि भक्तनिवासाकडे पांगली की खरी गडबडीची वेळ सुरू होते. लोक चिठ्ठी घेऊन येतात, तसे चिठ्ठीशिवायही येतात. "भैया, सीने में दर्द है, कुछ दे दो" असं कोणी म्हणालं की काळजात धस्स होतं, कारण मी डॉक्टर नाही. मी रुग्णालयाचा रस्ता दाखवतो, आणि कधी कधी तीच माणसं पाऊण तासाने पुन्हा दुकानासमोरून जाताना दिसतात. विचारलं तर सांगतात, तिथे घेतलं नाही.

शिर्डीत या गोष्टीला वेगळीच धार आहे. इतर गावांत रात्री-बेरात्री कोणाला काही झालं की घरचे ओळखीच्या डॉक्टरांचं दार ठोठावतात, चुलत्याची गाडी काढतात, सरपंचाला फोन लावतात. शिर्डीतला आजारी माणूस बहुतेक वेळा परगावचा असतो. कोणी हैदराबादहून रेल्वेने आलेला, कोणी सुरतेहून बसने, कोणी मुंबईहून पालखीबरोबर पायी. खिशात परतीचं तिकीट आणि दोन दिवसांच्या खर्चापुरते पैसे. मराठी येत नाही, हिंदी मोडकीतोडकी. रिक्षावाला नेईल ते रुग्णालय. तिथे नकार मिळाला तर असा माणूस भांडत बसत नाही. तो हात जोडतो आणि पुढच्या दाराकडे वळतो.

तो नकार कसा असतो, हे आम्हा सगळ्यांना पाठ झालं आहे. "बेड नाही." "सर आत्ता नाहीत." "आधी डिपॉझिट भरा, मग फाइल बनवू." "आमच्याकडे आयसीयू नाही, पुढे न्या." आणि अपघात असेल, कोणी विषारी औषध घेतलं असेल, तर "एमएलसी आहे, सिव्हिलला न्या." एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल, पोलिसांची केस. सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय, इथून ऐंशी किलोमीटरवर. यातली काही वाक्यं खरी असतात. बेड खरोखरच नसतो, आयसीयू खरोखरच नसतं. पण ही सगळी वाक्यं तोंडी असतात आणि बोलणारा माणूस पुष्कळदा डॉक्टरही नसतो. काउंटरवरचा मुलगा असतो, नाहीतर वॉचमन. रुग्णाला कोणी हातसुद्धा लावलेला नसतो.

गेल्या काही वर्षांत इथल्या रस्त्यांवरची वर्दळही फार वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या दिशेने पूर्ण झाला. नगर-मनमाड रस्ता तर गावातूनच जातो. १३ जानेवारी २०२३ रोजी सिन्नर तालुक्यात पाथऱ्याजवळ साईदर्शनाला येणाऱ्यांची बस आणि ट्रक यांची धडक झाली, १० जण गेले. इतका मोठा अपघात असला की सगळी यंत्रणा धावते, पुढारी येतात, प्रत्येक जखमीचं नाव यादीत येतं. मला घोर लागतो तो एकट्यादुकट्याचा. भरधाव दुचाकीने उडवलेला पदयात्री, दर्शनबारीत कोसळलेली आजीबाई, राहात्याकडच्या उसाच्या फडात साप चावलेला मजूर. यांची यादी कोणी करत नाही.

कायदा नाही म्हणून हे घडतं, असं मात्र मी म्हणणार नाही. कायदा आहे आणि तो जुना आहे. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवलं. जवळच्या रुग्णालयाने त्याला घेतलं नाही आणि पोलीस केस घेण्याचा अधिकार असलेल्या वीस किलोमीटरवरच्या रुग्णालयाकडे पाठवलं. वाटेतच तो गेला. वर्तमानपत्रातल्या या बातमीवरून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल लागला. डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवण्यासाठी लागेल ते करणं हे त्याचं कर्तव्य आहे, घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क त्यामागे उभा आहे आणि पोलिसांची कोणतीही कार्यवाही त्याच्या आड येऊ शकत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आकाशवाणी, दूरदर्शन आणि वर्तमानपत्रांतून याला प्रसिद्धी द्या, असंही बजावलं. या निकालाला पस्तीसहून अधिक वर्षं झाली. "एमएलसी आहे, सिव्हिलला न्या" हे वाक्य तरीही आमच्या गल्लीत ऐकू येतं.

मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमातही तेच आहे. अपघातातल्या जखमीला कोणत्याही कागदोपत्री सोपस्काराची वाट न पाहता तपासणं आणि उपचार देणं, हे ड्यूटीवरच्या डॉक्टरांचं काम आहे. जखमीला आणणाऱ्या भल्या माणसाला अडकवून ठेवता येत नाही, हे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कायद्यात जागा मिळाली. तरी आमचे रिक्षावाले जखमीला दारात उतरवून निघून जातात, कारण त्यांना हे कोणी सांगितलेलंच नाही. बलात्कार आणि अॅसिडहल्ल्यातल्या पीडितांना प्रत्येक रुग्णालयाने मोफत आणि तत्काळ उपचार द्यायचे आहेत. तिथे नकार दिला तर भारतीय न्याय संहितेत कैदेची शिक्षा आहे. आपल्या राज्याने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. आपला १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. पण त्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांतही तातडीच्या रुग्णाला पैशांसाठी न अडवता जीव वाचवण्यापुरते उपचार द्यायला सांगितलं आहे आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे.

एवढं सगळं असून माणूस परत का जातो? माझं उत्तर एकच आहे. नकाराचा कागद होत नाही. जिथे कागद नाही तिथे तक्रार नाही, तक्रार नाही म्हणून चौकशी नाही, आणि चौकशी होत नाही हे ठाऊक असल्याने पुढचा नकार आणखी सहज निघतो.

एका रात्रीचं सांगतो. रामनवमीच्या आधीचे दिवस होते. सिन्नरच्या बाजूने पदयात्रींचे जथे येत होते, डोक्यावर भगव्या पट्ट्या, पायांत फाटलेल्या चपला. रात्री साडेअकराच्या सुमाराला चार-पाच पोरं एकाला उचलून दुकानाच्या पायरीवर घेऊन आली. अंधारात पाठीमागून आलेली गाडी त्याच्या पावलावरून गेली होती. एका रुग्णालयात जाऊन आले होते. "पोलीस केस आहे" म्हणून तिथे स्ट्रेचरसुद्धा बाहेर आलं नव्हतं. मोजा रक्ताने पावलाला चिकटून बसला होता. एकाने मोबाइलचा टॉर्च धरला, मी कात्रीने मोजा कापला, गॉज दाबून धरला, सलाइनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा पायाखाली घातला आणि वर क्रेप बँडेज गुंडाळलं. तो मुलगा ओरडला नाही. सारखा विचारत होता, "काका, पालखी पुढे गेली का?" १०८ ला फोन केला, गाडी आली, ती पोरं गेली. त्या पायाचं पुढे काय झालं, ते मला कळलेलं नाही. तो मुलगा त्या रुग्णालयाच्या दारात गेला होता याचा एकही कागद नाही. त्या रात्रीचा लेखी पुरावा एवढाच, माझ्या दुकानाचं बिल: कापूस, गॉज, दोन क्रेप बँडेज.

मंत्रिमहोदय, कागद असला की काय होतं, हे पुण्यात २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये आपण जवळून पाहिलं आहे. दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एका गर्भवतीच्या कुटुंबाकडे १० लाख रुपयांची अनामत मागितली गेली. दुसऱ्या रुग्णालयात जुळ्या मुलींना जन्म देऊन ती आई गेली. अनामतीचा आकडा रुग्णालयाच्याच कागदावर लिहिलेला होता आणि रुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकांनाही ते पत्रकारांसमोर मान्य करावं लागलं. म्हणून चौकशा झाल्या आणि तातडीच्या रुग्णाकडून यापुढे अनामत घेणार नाही, असं रुग्णालयाला जाहीर करावं लागलं. खरं तर तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागू नये, त्याला लगेच दाखल करावं आणि स्थिर होईपर्यंत उपचार द्यावेत, हे मुंबई उच्च न्यायालयाने धर्मादाय रुग्णालयांसाठी ठरवून दिलेल्या योजनेत २००६ पासून लिहिलेलं आहे. जे लागूच होतं ते नव्याने जाहीर व्हायला एका आईचा जीव जावा लागला. आणि त्या कुटुंबाची पोहोच आमदारापर्यंत होती. आमच्या दर्शनबारीतल्या आजीबाईची पोहोच कुठपर्यंत आहे?

माझी मागणी नवी नाही. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये एका शेतमजुराला रेल्वेगाडीतून पडून डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं, कुठे सोय नाही म्हणून, कुठे बेड नाही म्हणून. शेवटी खासगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने तो वाचला. त्याच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये २५,००० रुपये भरपाई दिली आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असं ठणकावलं. त्याच प्रकरणात नेमलेल्या चौकशी समितीने तातडीच्या रुग्णाच्या तपासणीची तारीख-वेळेसह नोंद ठेवावी आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव वाचता येईल अशा अक्षरात असावं, असं सुचवलं होतं. वाचता येईल अशा अक्षरात! ज्याने हे लिहिलं त्याने कॅज्युअल्टीचे कागद नक्कीच पाहिले असणार.

अमेरिकेत १९८६ मध्ये याच विषयावर कायदा झाला, कारण तिथेही विमा नसलेल्या रुग्णांना खासगी रुग्णालयं सरकारीच्या दारात नेऊन सोडत होती. तातडीच्या विभागात येणाऱ्या प्रत्येकाला तपासायचं, स्थिर करायचं आणि पुढे पाठवायचं असेल तर समोरच्या रुग्णालयाची आधी संमती घ्यायची, असा तो कायदा आहे. त्याखाली रुग्णालयाला एक मध्यवर्ती नोंदवही ठेवावी लागते. आलेल्या प्रत्येकाचं काय झालं, दाखल झाला, पुढे पाठवला की उपचार नाकारले, हे तीत लिहावं लागतं. श्रीमंत देशातली ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. ती आपल्याला आजच परवडते.

आता डॉक्टरांची बाजू. ती मांडली नाही तर हे पत्र अर्धवट राहील. माझी निम्मी ओळख डॉक्टरांशी आहे आणि त्यांतले बहुतेक सज्जन आहेत. पंधरा खाटांचं रुग्णालय, रात्री एक डॉक्टर, दोन सिस्टर. दारात डोक्याला मार लागलेला माणूस येतो. घेतला आणि तो दगावला तर पन्नास माणसं काचा फोडायला येतात. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्यात २०१० चा कायदा आहे, पण रात्री दोन वाजता कायदा दारात उभा राहत नाही. उपचार केले, माणूस वाचला आणि नातेवाईक सकाळी बिल न भरता निघून गेले, तर ते पैसे कोण देणार? पुढे साक्षीसाठी कोर्टाच्या खेपा. १९८९ च्या निकालात न्यायालयाने पोलिसांना आणि वकिलांनाही सांगितलं होतं की डॉक्टरांना विनाकारण हेलपाटे घालायला लावू नका. निकालाचा तो भाग तर आणखीच विस्मरणात गेला आहे.

म्हणून या वहीकडे डॉक्टरांवर उगारलेली छडी म्हणून पाहू नये. रात्री दोन वाजता डॉक्टरांनी रक्तस्राव थांबवला, श्वासनलिका मोकळी केली, ऑक्सिजन लावला, सलाइन सुरू केलं, मोडलेलं हाड बांधलं, ईसीजी काढला, पुढच्या रुग्णालयाशी बोलून डॉक्टर असलेल्या गाडीतून रुग्ण पाठवला, आणि हे सगळं वेळेसह लिहून ठेवलं, तर उद्या कोणी बोट दाखवलं तरी त्यांच्या हातात पुरावा असेल. कायदा छोट्या रुग्णालयाकडून मेंदूची शस्त्रक्रिया मागत नाही. आपल्याकडे जे आहे ते वापरून रुग्ण पुढच्या दारापर्यंत जिवंत पोहोचेल एवढं करा, असं तो सांगतो.

पैशांची जबाबदारी मात्र सरकारने घ्यायला हवी. रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्राची रोकडरहित उपचारांची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली: जखमीमागे दीड लाखापर्यंत, सात दिवसांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत तारीख घालून दिली तेव्हा कुठे ती आली. पण हृदयविकाराचा झटका, सर्पदंश, अडलेली बाळंतीण या योजनेत बसत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे. शिर्डीत येणारा तेलंगणातला म्हातारा तिच्याही बाहेर राहतो. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. तातडीच्या रुग्णाने पैसे दिले नाहीत तर रुग्णालयाला ते राज्य सरकारने द्यायचे, अशी तरतूद त्यात आहे. डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं आणि त्यांचा मुख्य धसका हाच होता की हे पैसे खरोखर कधी आणि कसे मिळणार. आपण कायदा कराल तेव्हा ते आधी ठरवा. पहिल्या काही तासांच्या उपचारांचे दर, बिल कुठे पाठवायचं, किती दिवसांत पैसे जमा होणार, हे सगळं त्यात स्पष्ट असू द्या. तसं झालं तर बहुतेक डॉक्टर तुमच्या बाजूने उभे राहतील, असं मला मनापासून वाटतं.

शिर्डीतून सुरुवात करा, अशी विनंती आहे. इथे साईबाबा संस्थानची दोन रुग्णालयं आहेत, लोणीला प्रवरेचं मोठं रुग्णालय आहे, राहाता आणि कोपरगावला सरकारी रुग्णालयं आहेत, मधे खासगी दवाखान्यांची रांग आहे. १९१० च्या दिवाळीत द्वारकामाईत धुनीसमोर बसलेल्या बाबांनी एकाएकी पेटत्या धुनीत हात घातला, दूर कुठे लोहाराच्या बायकोच्या हातून भट्टीत पडणारं मूल वाचवायला, ही कथा साईसच्चरितात आहे आणि इथे येणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत आहे. मूल कोणाचं, कुठलं, हे बाबांनी विचारलं नाही. या गावातल्या कॅज्युअल्टीत तो प्रश्न पहिला विचारला जाऊ नये.

सिन्नर ते शिर्डी, शिर्डी ते कोपरगाव आणि लोणी, एवढ्या पट्ट्यात येत्या रामनवमीच्या आधी तीन गोष्टी करता येतील. प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड, तमिळ आणि गुजरातीत मोठा फलक लावावा: तातडीच्या रुग्णाला पैसे आणि पोलीस कागद न मागता आधी तपासलं जाईल, पुढे पाठवलं तर लेखी प्रत मिळेल. फलकाखाली नोंदणी देणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन नंबर असावा, रात्रीही उचलला जाणारा. दुसरं, कुठल्या रुग्णालयात या घटकेला आयसीयूची खाट रिकामी आहे हे १०८ च्या नियंत्रण कक्षाला कळत राहावं, म्हणजे रुग्णाला दारोदार फिरावं लागणार नाही. आणि तिसरी ती नोंदवही. त्या अधिकाऱ्याने दर महिन्याला ती तपासावी आणि किती रुग्ण आले, किती परत गेले, का गेले, हे जाहीर करावं.

फलकाला आणि नियंत्रण कक्षाला निधी, टेंडर, मंजुरी लागेल हे मला समजतं. वहीसाठी थांबू नका. आपल्या विभागाने नमुना ठरवून द्यावा, तिहेरी प्रतीचा, कार्बन घातलेला. राहाता तालुक्यातल्या सगळ्या रुग्णालयांना पहिल्या वर्षी लागतील तेवढ्या वह्या छापून देण्याचा खर्च मी करायला तयार आहे. नमुना आला की त्याच आठवड्यात छपाईला देतो.

आपला,
शिर्डीतील एक औषधविक्रेता
ता. राहाता, जि. अहिल्यानगर